पंखांची दुसरी जोडी

डिंक सुटला आणि पंखाखालून पंख निघाला. झालं ते एवढंच. सूक्ष्मदर्शकाखालचा तो जुना, बुरशीचे डाग पडलेला कीटक फोटोसाठी नीट करायचा होता, म्हणून माशीबाईंनी तो आदल्या दिवशी दमट डबीत ठेवून मऊ केला होता, आणि त्याच्या पंखांच्या बुडाशी कुणीतरी कधीकाळी थापलेला डिंकाचा गोळा त्या ओल्या, बारीक कुंचल्यानं पुसून काढत होत्या. गोळा विरघळला, वरचा मोठा पंख जरासा उचलला गेला, आणि त्याच्या पोटाशी चिकटून बसलेला एक आखूड पंख आळस द्यावा तसा सावकाश उलगडला. मग दुसऱ्या बाजूलाही तसाच. माशीला पंख दोन, गांधीलमाशीला चार. हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. नसेल तर माशीबाई पहिल्याच तासाला दरडावून सांगत. "पट्टे बघू नका, कंबर बघू नका, ते सगळं सोंग आहे. पंख मोजा!" गांधीलमाशीचं सोंग घेऊन जगणाऱ्या माश्या हाच त्यांचा जन्माचा विषय. अंगावर पिवळेकाळे पट्टे, कंबर अशी की आता तुटेल, पंखाची पुढची कड काळपट. नांगी नाही, विषाचा थेंब नाही, पण रुबाब असा की पाखरंही वाट सोडून जातात. अशा माश्यांची एक दुर्मीळ प्रजाती, म्हणजे एकमेकींच्या जवळच्या जातींचं अख्खं घराणं, बाईंनी स्वतः वेगळं काढलं होतं, त्याला नाव दिलं होतं. जगभरच्या संग्रहांत मिळून त्या घराण्याचे मूठभर नमुने. हा त्यांतला एक. टाचणीखालच्या चिठ्ठीवर बाईंच्याच अक्षरात घराण्याचं नाव होतं, आणि टाचणीवर चार पंखांची गांधीलमाशी होती.

"काय हो, भूत बघितलंत की काय?" पलीकडच्या टेबलावरून भुंगेवाले म्हणाले. ते भुंग्यांच्या विभागाचे. संग्रहालयाच्या या मागच्या खोलीत डांबरगोळ्यांच्या एकाच वासात दोघांची उमेदीची वर्षं गेली होती, आणि 'माशीबाई' हे नावही त्यांनीच पाडलेलं. बाई म्हणाल्या, "मान अवघडली जरा." "मग अधूनमधून आमच्याकडे बघत जा. तेवढाच मानेला व्यायाम." एरवी बाईंनी यावर टोला हाणला असता. आज हाणला नाही, म्हणून भुंगेवाले चहाचा कप घेऊन उठूनच आले आणि बाई नको म्हणायच्या आत त्यांनी भिंगाला डोळा लावला. "गांधील आहे की ही!" ते म्हणाले. एका दमात म्हणाले, श्वास घ्यायलाही थांबले नाहीत. "तुमच्या माश्यांत कशी आली? कुठल्या गाढवानं ठेवली?" "असेल कुणीतरी," बाई म्हणाल्या आणि चिठ्ठीवर त्यांनी अंगठा ठेवला. भुंगेवाले हसत आपल्या जागेवर गेले. 

कुठल्या गाढवानं ते आणि कसं, दोन्ही त्यांना लख्ख आठवत होतं. नमुना आला तेव्हा त्याला डोकंच नव्हतं. संग्रहालयांत याचं नवल नसतं. कीड लागते, टाचणी आपटते, डोकं गळून पडतं. पण माशीचं निम्मं माशीपण डोक्यावरच असतं. डोळे, मिशा, तोंड सगळं तिथे. उरलेलं असतं पंखांच्या मागे, दुसऱ्या जोडीच्या जागी असलेल्या टाचणीच्या बोंडाएवढ्या दोन तोलकाठ्यांत, आणि तिथे नेमका डिंक. बाईंनी भिंगातून बघून बघून ठरवलं होतं की तोलकाठ्या डिंकाखाली असणारच. डिंक तेव्हाही काढता आला असता. काढला तर नमुना मोडेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. खरं म्हणजे त्यांना तो हवा होता. या क्षेत्रातले एक बडे गृहस्थ तेव्हा नाक मुरडत होते, एवढ्याशा नमुन्यांवर कुठे घराणं उभं राहतं का म्हणून, आणि एक नमुना वाढला की त्यांचं तोंड बंद होणार होतं. हवी होती म्हणून माशी दिसली. तेव्हा ती इतकी स्पष्ट दिसली होती, इतकी, की बाईंनी त्या संध्याकाळी घरी जाताना वाटेत फुलं घेतली होती. आता दुरुस्तीची टीप छापावी लागेल. जगात ती तिघं वाचतील आणि त्यांतल्या एकाला आनंदाच्या उकळ्या फुटतील. घराणं काही त्यानं बुडणार नव्हतं. नाचक्की झाली तर झाली. त्याची त्यांना भीती नव्हती. भीती दुसरीकडूनच आली. डबीचं झाकण लावता लावता बाईंच्या मनात आलं, मग ठमीला आजवर आपण काय काय सांगत आलो? आणि त्या खुर्चीत तशाच बसून राहिल्या.

ठमी म्हणजे त्यांची मुलगी. लहान असताना एकदा तिला गांधीलमाशी चावली. मानेवर, केसांच्या कडेला. बाईंनी आधी हसण्यावारी नेलं होतं, पोरं रडतातच. मग ठमीचे ओठ सुजले, डोळे मिटत गेले आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. तिला उचलून जिना उतरताना नवऱ्याची चप्पल पायातून निघाली होती आणि तो तसाच एका पायानं अनवाणी दवाखान्यापर्यंत धावला होता. डॉक्टर मागाहून म्हणाल्या, "या वेळी वेळेवर आलात. पुन्हा चावली तर इतका वेळ मिळेलच असं नाही." नवऱ्यानं हे वाक्य घरात आणून ठेवलं. साऱ्या खिडक्यांना जाळ्या बसल्या, जाळ्यांवर पडदे बसले. ठमीनं बागेत जायचं नाही, गोड खात बाहेर फिरायचं नाही. काहीही गुणगुणलं की पोर टेबलाखाली जाऊन डोकं धरून बसे, आणि तिचा बाप तिच्या शेजारी. बाईंना ते बघवेना. तोवर त्या गटारातल्या चिलटांवर काम करत होत्या. ते गुंडाळून ठेवून त्या सोंगाड्या माश्यांकडे वळल्या. संग्रहालयात कुणाला कधी हे कारण सांगितलं नाही, विज्ञानात असली कारणं चालत नाहीत. पण कारण हेच होतं. घरात, गच्चीवर, रस्त्याकडेच्या झुडपांत पट्टेरी म्हणून जे काही उडतं त्यातलं निम्मं नुसतं सोंग असतं, आणि निम्म्यालाच भ्यायचं असेल तर निम्मं जग आपलं. "तिला तुझ्यासारखी भित्री भागूबाई करू नकोस," असं म्हणून बाईंनी एका सकाळी स्क्रूड्रायव्हरनं जाळ्या काढल्या. नवरा म्हणाला, "तुझी एक चूक झाली तर?" बाई म्हणाल्या, "माझी होणार नाही." बोलायला किती सोपं गेलं होतं ते. पुढे नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. त्याला बरीच कारणं होती, पण बाईंना कायम वाटे की तो त्या उघड्या खिडक्यांमधून निघून गेला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्या निघाल्या. भुंगेवाले म्हणाले, "मानेला शेक द्या." बसमधे खिडकीशी जागा मिळाली, ऊन मांडीवर पडलं होतं, आणि बाई आठवायला लागल्या. ठमीचा आणि त्यांचा एक रिवाजच पडून गेला होता. काही येऊन बसलं की ठमी हलायची नाही, फक्त विचारायची, "आई, कोण?" बाई जिथे असतील तिथून बघत आणि सांगत, "माशी." बस. तेवढ्यावर पोर निवांत. क्वचित "गांधील" म्हटलं की ती तितक्याच निवांतपणे उठून खोलीबाहेर जायची. शाळेत बाकीची पोरं किंचाळत पळाली तरी ही एकटी बाकावर बसून असायची, आणि शिक्षिका कौतुकानं सांगत, तुमची मुलगी कशालाच भीत नाही हो. एकदा बागेतल्या बाकावर ठमी फळांचा रस पीत होती. रस हातावर सांडला आणि त्यावर एक पट्टेरी काहीतरी येऊन बसलं. बाई पलीकडे झुडपाशी वाकल्या होत्या. "आई, कोण?" "माशी आहे गं, बघत बस." आणि ठमी हात लांब धरून, जीभ बाहेर काढून, मजेत बघत बसली होती. तो कीटक तिच्या बोटांच्या बेचक्यातला रस चाटत चालला होता, ठमी खुदखुदत होती, "गुदगुल्या होतात!" बाईंनी आता डोळे मिटले आणि त्या हाताजवळ गेल्या. पंख किती? दोन म्हटलं की दोन दिसत. चार म्हटलं की वरच्या पंखाखालून दुसरा सरकन बाहेर येई. आठवणीतली ती माशी सांगू तशी वागत होती. तेव्हा तरी त्यांनी मोजले होते का? की झुडपातलं काम टाकून उठायचं जिवावर आलं होतं म्हणून माशी म्हटलं? गच्चीवरची ती, ठमीच्या ओढणीवरची ती, वाढदिवसाच्या फोटोत तिच्या कानामागे दिसते ती. हवी होती म्हणून माशी. सगळ्याच हव्या होत्या. पोर अजून आहे ती आपल्या ज्ञानामुळे की निव्वळ गांधीलमाश्यांच्या कृपेमुळे, हे बाईंना सांगता येईना. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं वाटत नाही का? खिडकी उघडू?" "नको," बाई इतक्या जोरात म्हणाल्या की पुढच्या बाकावरच्यांनी वळून पाहिलं.

मग त्यांना इंजेक्शनचं पेन आठवलं. चावल्याबरोबर मांडीत टोचायचं ते. पूर्वी ठमीच्या दप्तरात असे, मग कपाटात गेलं, मग कपाटाच्याही मागच्या कप्प्यात. शेवटचं केव्हा बदललं? घराच्या आधीच्या स्टॉपवर उतरून त्या औषधांच्या दुकानात शिरल्या. दुकानदारानं नाव ऐकून मान हलवली. "ठेवत नाही आम्ही. कुणी नेत नाही, पडून राहतात. मागवून ठेवू? उद्या येईल."

"आज नाही का मिळणार कुठे?"

"कुणाला चावलंय का? मग दुकानात कशाला आलात, हॉस्पिटलात न्या ना!"

"नाही, चावलेलं नाही. चावेल म्हणून."

दुकानदार त्यांच्याकडे बघतच राहिला. बाईंना आपल्या तोंडून निघालेलं वाक्य ओळखीचं वाटलं. नवरा दर उन्हाळ्यात असाच त्या पेनासाठी दुकानं पालथी घालायचा, आणि त्या घरी बसून त्याची थट्टा करायच्या. रस्त्यावर येऊन त्यांनी फोन काढला, त्याचं नाव काढलं आणि पुन्हा ठेवून दिला. तो 'मी म्हणत होतो' असं म्हणाला नसता. तो नुसता गप्प बसला असता, आणि ते ऐकून घेण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं. फुलवाल्याच्या दुकानावरून जाताना काहीतरी गुणगुणत कानाजवळून गेलं तेव्हा बाई चक्क खाली वाकल्या, दोन्ही हात डोक्यावर धरून, भर फुटपाथवर. गोष्ट लाज वाटण्यासारखी होती. पण लाज मागाहून वाटली. आधी वाटली ती भीती, आणि तीसुद्धा इतकी जुनी आणि इतकी तयार, की जणू एवढी वर्षं ती आत सामान बांधून बसली होती. जिना त्या धापा टाकत चढल्या. ठमी घरी होती, सुट्टी होती तिला. ठमी खिडकी उघडी टाकून बसली असणार. कोण तिला बंद करायला शिकवणार होतं?

"आई? लवकर कशी?" आतल्या खोलीतून ठमीचा आवाज आला. आवाज साधा, आनंदी होता. बाईंच्या जिवात जीव आला. आज जाळ्यांचं बोलायचंच, त्यांनी ठरवलं. चूक सांगायची, जाळ्या बसवायच्या, उद्या पेन आणायचं, पोर मोठी आहे, समजून घेईल. त्या चप्पल काढून दारापर्यंत आल्या. ठमी पलंगावर मांडी घालून बसली होती, समोर लॅपटॉप, बाजूला बशीत पिकलेल्या पेरच्या फोडी, मागे सताड उघडी खिडकी. डावा हात तिनं पुढे लांब धरला होता. मनगटाच्या जरा वर, जिथे फळाचा रस ओघळला होता, तिथे एक पट्टेरी कीटक बसला होता.

"बघ, तुझी पाहुणी आलीय," ठमी म्हणाली. "केव्हाची चाटतेय. आई, कोण?"

बाईंनी पाहिलं. खोलीत भरपूर उजेड होता, अंतर चार पावलांचं. पिवळे पट्टे दिसले. कंबर दिसली. पुढचे दोन पाय ती मिशांसारखे वर धरून हलवत होती. की त्या मिशाच होत्या? पंख पाठीवर अर्धवट उघडे होते, त्यांच्या कडा काळ्या होत्या, आणि त्या काळ्या कडेखाली काहीतरी होतं, किंवा सावली होती. माशी, असं मनात आलं. लगेच त्यामागून दुसरं मन म्हणालं, हवी आहे म्हणून. बाईंनी पुन्हा पाहिलं. दोन दिसले. पुन्हा पाहिलं, चार दिसले. ज्या नजरेवर त्यांनी घर चालवलं, पोर वाढवली, नवरा घालवला, ती नजर त्यांच्या मुलीच्या हातावर ठेचकाळत होती, आणि ठमी त्यांच्याकडे बघत होती, ओठांवर हसू तसंच ठेवून, उत्तराची वाट बघत. इतकी वाट तिला कधी बघावी लागली नव्हती.

"आई?"

"हलू नकोस," बाई म्हणाल्या. 

"म्हणजे गांधील?"

"माहीत नाही."

ठमीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. घाबरल्यासारखी ती आधी दिसलीच नाही. कुणीतरी परकी भाषा बोलल्यावर माणूस बघतं तशी ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. "माहीत नाही म्हणजे?" तिनं विचारलं, आणि विचारता विचारता तिची नजर स्वतःच्या हातावर गेली. बाईंना ते होताना दिसलं. हाताला आधी बारीक कंप सुटला, मग तो कंप खांद्यापर्यंत चढला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ठमी किंचाळली. हात झटकला, बशी खाली पडून फुटली, लॅपटॉप उलटला, तो कीटक गुंईं करत वर उडाला आणि ठमी पलंगावरून उडी मारून, डोकं दोन्ही हातांत धरून, बाईंना ढकलून पळत सुटली. बाथरूमचं दार धाडकन लागलं. कडी वाजली.

"ठमे! चावलं का? चावलं का तुला?" बाई दारावर थापा मारायला लागल्या. आतून फक्त धापा ऐकू येत होत्या. त्या धापांत शिट्टी आहे का ते ऐकायला बाईंनी दाराला कान लावला, स्वतःचा श्वास धरून ठेवला. शिट्टी नव्हती. नुसत्या धापा होत्या. "नाही," शेवटी आतून आवाज आला. "नाही चावलं."

बाई खोलीत परतल्या. पेरच्या फोडींवर पाय पडला. कीटक पडद्यावर बसला होता, उन्हात, आपलं तोंड पुसत. त्यांनी टेबलावरचा काचेचा ग्लास घेतला. तो पडद्यावर पालथा घातला, खाली कागद सरकवला. मग खिडकीशी जाऊन त्यांनी ग्लास डोळ्यांजवळ आणला. मोठे तपकिरी डोळे, जवळजवळ सारं डोकं व्यापणारे. हवेत हलत होते ते पुढचे पाय. खऱ्या मिशा म्हणजे दोन आखूड खुंट. पंख दोन. त्यांच्या मागे तोलकाठ्यांचे दोन पिवळे ठिपके, फडफडताना थरथरणारे. कुठल्याही झुडपावर उन्हाळाभर शेकड्यानं दिसते ती, साधी, रोजची माशी. हीच त्यांनी ठमीला सगळ्यात आधी ओळखायला शिकवली होती. बाईंना रडू आलं ते सुटल्याचं होतं, असं त्यांना क्षणभर वाटलंसुद्धा.

ग्लास छातीशी धरून त्या बाथरूमच्या दाराशी गेल्या.

"ठमे, माशी आहे गं. नेहमीची. धरलीय मी. ये, बघ."

 मग ठमी म्हणाली, "मघाशी माहीत नाही म्हणालीस."

"मघाशी नीट बघितलं नव्हतं बाळा. आता बघितलंय. दोनच पंख आहेत तिला."

"नक्की?"

हा शब्द ठमीनं त्यांना कधी विचारला नव्हता. डॉक्टरांना विचारला होता, बापाला विचारला होता, दुकानदारांना तर हमखास. बाईंनी ग्लासकडे पाहिलं. माशी काचेला तोंड लावून फिरत होती. त्यांनी पुन्हा मोजले, मग आणखी एकदा.

"नक्की," त्या म्हणाल्या. "शपथ."

आत पावलं वाजली. ठमी दाराशी आली, अगदी जवळ. तिचा श्वास लाकडापलीकडे ऐकू येत होता. बाई दोन पावलं मागे सरकल्या, दार बाहेरच्या बाजूला उघडायचं म्हणून. पण कडी वाजली नाही. दाराखालच्या फटीतून येणारा उजेड एका टोकाकडून कमी व्हायला लागला, मग मधे, मग दुसऱ्या टोकापर्यंत. ठमी आतून टॉवेल कोंबत होती, बोटांनी चेपून चेपून, कुठे जरासुद्धा जागा राहू नये अशा बेतानं.